राजघाटची उतराई

बुऱ्हाणपूर,
१२ फेब्रुवारी १९५६

चि. मधुकर,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण आज त्यांत थोडा राग मिसळला आहे, तेवढा बाजूला काढून घे. राग तुझ्यावर नाही, तुझ्या वडिलांवर आहे. ते समोर बसून जेवत असतात तेव्हा तो काढता येत नाही, म्हणून टपालानं नागपूरला पाठवते आहे.

सोमवारपासून मी आणि दादा बोलत नाही. एका घरात राहून, एका पंगतीला बसून. तो म्हणतो, "शोभा, तुझ्या नणंदेला सांग, भाजी अळणी झाली आहे." मी म्हणते, "वहिनी, तुझ्या नवऱ्याला सांग, आज भाजी मी नाही, तूच केली आहेस." तुझी आई बिचारी आमटी वाढते आणि निरोपही वाढते.

तू नागपूरच्या नळाखाली अंघोळ करून घाट विसरला असशील, म्हणून पहिल्यापासून सांगते. राजघाटाच्या पायऱ्या संपतात तिथं खालच्या अंगाला डोह आहे. होळी झाली की अख्खं गाव तिथं पोहायला शिकतं. फी नाही, मास्तर नाही. जुन्या यादव उस्तादांनी घालून दिलेली एक रीत आहे, तिचं नाव उतराई. जो शिकला त्यानं पुढं एकाला शिकवायचं, आणि तेही आपल्या घरातल्याला नाही, बाहेरच्याला. ज्याची पाळी असेल तो पाण्यात उभा राहतो आणि शिकायला म्हणून पायऱ्यांवर पहिला जो येईल तो त्याचा, मग बदलायचा नाही. शिकवणाऱ्यानं माणूस निवडायचा नाही, शिकणाऱ्यानंही नाही. शिकवणारा दोन वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधतो, शिकणाऱ्याच्या मापाची. तो सांगडीशिवाय तरंगला की ती ताप्तीत सोडून द्यायची, म्हणजे उतराई फिटली.

म्हणून आमच्याकडे सराफाच्या मुलाला नावाडी शिकवतो आणि नावाड्याच्या भाच्याला पोस्टमास्तर. मला नदीपलीकडच्या जैनाबादच्या रंभाबाईनं शिकवलं. तेव्हा मी पलीकडच्या शाळेवर होते, रोज तिच्या नवऱ्याच्या नावेतून जायचे आणि काठ येईपर्यंत रामनाम घ्यायचे. एक दिवस ती म्हणाली, "मास्तरीनबाई, देवाले रोज काबरं तरास देता? एकडाव पानीत उतरा ना." उतरले. तेव्हापासून सकाळची पहिली वेळ बायकांची झाली. तीन वर्षांपूर्वी नाव कलंडली त्या दिवशी ज्या बायका काठाला लागल्या त्या सगळ्या आमच्या डोहात शिकलेल्या होत्या. ज्या लागल्या नाहीत त्यांची नावं मी लिहीत नाही, त्यातल्या दोघी माझ्या वर्गात होत्या.

आता ऐक. गावात 'ताप्ती जलविहार मंडळ' निघालं आहे. अध्यक्ष श्री. गजाननराव, म्हणजे आमचे दादा. डोहाला तारेचं कुंपण होणार, फाटक होणार, कपडे बदलायला खोल्या, उडी मारायला फळी. पाण्यात उतरायचं तर सभासद व्हायला हवं, आणि सभासद व्हायला दोन सभासदांची शिफारस हवी. घाटावर कोणाला अडवायचं नाही असा गेल्या वर्षी कायदा झाला ना, म्हणून पाटीवर जातपात काही नाही. नुसतं 'फक्त सभासदांसाठी'. मला सांग, रंभाबाईची शिफारस कोण करणार आहे? दिल्लीत बसून प्रांताला प्रांत जोडताहेत आणि आमचे दादा डोहाला तार लावताहेत.

तुझ्याकडे दोन कामं. एक, नगरपालिकेचा ठराव झाला की कागद मंजुरीला तुमच्या कचेरीत येईल म्हणतात. तो नव्या राजधानीला, भोपाळला न्यायच्या गठ्ठ्यात चुकून खाली गेला तर कोणाचं काही बिघडणार नाही. दुसरं, मे महिन्यात ये. तू पोहायला शिकलास त्या उन्हाळ्यात मी खंडव्याला ट्रेनिंगला होते, त्यामुळे तुला कोणी शिकवलं ते मला कधी कळलं नाही. पण तुझी उतराई बाकी आहे एवढं नक्की. अध्यक्षांचा मुलगा डोहात उभा राहून जैनाबादच्या पोराला शिकवतो आहे, हे एकदा गावाला दिसू दे. मग बघू तार कोण ठोकतो ते.

तुझी,
लीलाआत्या


नागपूर,
२३ फेब्रुवारी १९५६

ती. आत्या,

नमस्कार. राग सुखरूप पोचला, वाटेत सांडला नाही.

गठ्ठ्याचं काम माझ्याकडून होणार नाही. पाचवीत शेजाऱ्याची पाटी बघून लिहिलं म्हणून मला वर्गाबाहेर उभं करणारी बाई आता कागद दडव म्हणते, याला काय म्हणावं? शिवाय कचेरीत सध्या काहीही दडवायची गरज नाही, सगळं आपोआप हरवतं आहे. विदर्भ तिकडे, निमाड इकडे, कोणतं कपाट कोणत्या राजधानीला जाणार याचा पत्ता नाही. माझ्या शेजारचा कारकून हिंदीचं व्याकरण घेऊन बसला आहे आणि साहेब भोपाळच्या हवेची चौकशी करताहेत. माझंही तिकडेच जाणं होईल असं दिसतं.

बाबांची बाजूही थोडी ऐक. तू परत माहेरी आलीस तेव्हा तुला शाळेत घालण्यासाठी आजोबांशी वर्षभर भांडलेला माणूस हाच. तो रंभाबाईचं वाईट का चिंतेल? मला त्यांनी लिहिलं आहे की आपल्यासारख्या घरांतली कितीतरी मुलं घाटावर येतच नाहीत, कारण घरची माणसं येऊ देत नाहीत. कुंपण झालं, ओळखीची माणसं असली, तर ती येतील. त्यांना कोणाला हाकलायचं नसावं, कोणाला तरी आत आणायचं असावं. तू मास्तरीण आहेस, दोन तुकड्या करून वेळ वाटून दे. सकाळ मंडळाची, दुपारनंतर सगळ्यांची. भांडण मिटेल आणि आईचे पाय दुखायचे थांबतील.

मेचं काही सांगता येत नाही. बदल्यांच्या दिवसांत रजा मिळणं अवघड आहे. उतराईचं म्हणशील तर इतक्या वर्षांत पाण्याशी संबंध राहिला नाही, मी पोहणं विसरलो असेन.

तुझा,
मधुकर


बुऱ्हाणपूर,
१८ मार्च १९५६

चि. मधुकर,

पोहणं कोणी विसरत नाही. सायकल विसरत नाही, शिवी विसरत नाही आणि पोहणं विसरत नाही. रजा मिळत नाही असं लिहायचं होतं तर तेवढंच लिहायचंस.

तुझा तोडगा मी तुझ्या आईतर्फे दादापुढे मांडला. तो म्हणाला, "तिला सांग, दुपारी ऊन असतं." बघ! म्हणजे ज्यांना सावली आहे त्यांना सकाळ द्यायची, आणि केळीच्या बागेत पाणी धरायला पहाटे जाऊन दुपारी परत येणाऱ्या बायकांना ऊन. तरी मी तुझा शब्द राखायचा म्हणून रंभाबाईलाही विचारलं. ती नाव धूत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाई, नदीले फाटक लावता तर नाव कुठून काढू? ते बी सभासद होईन का माही नाव?" आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही. तिची नात यंदा शिकायची आहे. रोज काठावर येऊन बसते आणि पाय पाण्यात घालते.

तुला वाटत असेल आत्याला भांडायची हौस आहे. आहेच. पण दादाशी नाही रे. या घरात मला कोणी माणूस समजलं तर तो तोच. माझी पहिली पुस्तकं त्यानं दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यात लपवून आणली होती. म्हणून तर इतकं लागतं. परका असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही. मी पहिल्यांदा डोह पार करून आले, केसांतून पाणी गळत होतं, आणि धावत जाऊन आधी दादाला सांगितलं. मला वाटलं होतं तो पाठ थोपटेल. तो फक्त "हो का?" म्हणाला आणि दुकानात निघून गेला. त्या दिवशीच मला कळायला हवं होतं. रंभाबाईच्या हातून मी शिकले हे त्याला आवडलं नव्हतं. त्याला स्वतःलाही असंच कोणीतरी शिकवलं असणार, आणि आता मोठेपणी त्याचं नाव घ्यायची लाज वाटते आहे. कुंपण त्या लाजेचं आहे.

तर मी ठरवलं आहे. पाडव्यानंतरच्या रविवारी नगरपालिकेचे सभासद जागा बघायला घाटावर येणार आहेत, लोकांचं म्हणणंही तिथंच ऐकणार आहेत. मी काही भाषण करणार नाही. एकेकाला उभं करून एवढंच विचारणार, तुम्हाला पोहायला कोणी शिकवलं? मंडळात नाव घालणारा एक माणूस असा नाही की जो घाटाखेरीज कुठं शिकला असेल. भाईदास शेठला विचारीन, डॉक्टरांना विचारीन, वकिलांना विचारीन. आणि सगळ्यांच्या शेवटी, भर सभेत, दादाला. नाव त्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय सोडणार नाही.

तू आला असतास तर बरं झालं असतं.

लीलाआत्या


नागपूर,
७ एप्रिल १९५६

ती. आत्या,

हे पत्र रविवारच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं. सभेत बाबांना ते विचारू नकोस. कारण सांगतो. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

मला पोहता येत नाही. विसरलो वगैरे काही नाही, मी कधी शिकलोच नाही.

तू खंडव्याला होतीस तो उन्हाळा. मी आठ वर्षांचा असेन. गल्लीतली सगळी पोरं पोहत होती आणि मला चिडवत होती, म्हणून बाबा मला घाटावर घेऊन गेले. आम्ही वरच्या पायरीवर बसलो. खाली पाण्यात कडू उभा होता. तोच, हरिजन वस्तीतला, पलीकडे दोर वळायचा तो. त्याची पाळी होती. त्याच्या हातात सांगड होती, मला येताना बघून लहान मापाला आवळलेली, नवीन दोर लावलेली. मला बघून तो हसला आणि म्हणाला, "या, बाळ. घाबरू नका, मी हाये ना." मी उठलो. बाबांनी माझा हात धरला आणि सोडला नाही.

घरी आजोबा होते, आत्या. कडूनं पोटाखाली हात देऊन पोहायला शिकवलेल्या नातवाला त्यांनी उंबऱ्यात कसं घेतलं असतं ते तुला सांगायला नको. बाबा कडूला नाही म्हणाले नाहीत आणि होही म्हणाले नाहीत. आम्ही नुसते बसून राहिलो. कडू वाट बघत उभा होता. शेवटी बाबांनी तांब्यानं माझ्या डोक्यावर पाणी घातलं, स्वतःच्याही घातलं, आणि आम्ही घरी आलो. आईनं विचारलं, कसा काय पोहतो? बाबा म्हणाले, शिकतो आहे. असं आठवडाभर चाललं. रोज कडू सांगड घेऊन उभा असायचा आणि रोज आम्ही केस ओले करून परत यायचो. मला ते तेव्हा मजेचंच वाटायचं, आम्हा दोघांचं गुपित म्हणून.

शेवटच्या दिवशी माझं डोकं पुसता पुसता बाबा म्हणाले, "मी पण एवढंच शिकलोय रे."

आत्या, त्यांना कोणाचं नाव घ्यायची लाज वाटत नाही. त्यांच्याजवळ घ्यायला नावच नाही. राजघाटावर जन्म काढलेला माणूस, पोहण्याच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि त्याला गुडघ्याच्या वर पाणी माहीत नाही. तू ओल्या केसांनी धावत सांगायला आलीस तेव्हा ते "हो का?" म्हणून का निघून गेले, हे तुझं पत्र वाचताना मला कळलं. मला वाटतं, कुंपण त्यांना स्वतःतल्या त्या लहान मुलासाठी हवं आहे, ज्याला कोणी खाली उतरू दिलं नाही. ते चुकताहेत हे मलाही दिसतं. पण भर सभेत नको.

तुझा,
मधुकर


नागपूर,
१९ एप्रिल १९५६

ती. आत्या,

रविवार होऊन गेला. ना तुझं पत्र, ना आईचं. माझं पत्र वेळेवर पोचलं की नाही एवढं तरी उलट टपाली कळव. कचेरीत लक्ष लागत नाही. काल भोपाळचा कागद जबलपूरच्या फायलीत लावला.

मधुकर


बुऱ्हाणपूर,
२२ एप्रिल १९५६

चि. मधुकर,

तुझं पत्र पाडव्याच्या दिवशी मिळालं. गुढीला साखरेची माळ घालत होते, तशीच खाली बसले. तुझी आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, उन्हानं गरगरलं. मग स्वयंपाकघराच्या मागं जाऊन पुष्कळ रडले. इतकी वर्षं मी त्या "हो का?"ला उराशी धरून बसले होते रे! ज्यानं माझ्यासाठी अख्ख्या घराशी वैर धरलं त्याला पायऱ्या तेवढ्या उतरता आल्या नाहीत, आणि मला, शहाण्या मास्तरणीला, एका घरात राहून ते दिसलं नाही. माझ्या केसांतून गळणारं पाणी बघून त्याला काय वाटलं असेल?

रविवारी घाट भरला होता. वरच्या पायऱ्यांवर नगरपालिकेचे सभासद, मंडळाची माणसं, मध्ये गाव, आणि खाली पाण्याशी जैनाबादची आणि वस्तीतली माणसं. दादा खुर्चीवर होता. पांढरं उपरणं, नवी टोपी. मी ठरल्याप्रमाणे विचारायला लागले. डॉक्टर म्हणाले, मोमीनपुऱ्यातल्या एका विणकरानं. वकील म्हणाले, कौतिक कुंभारानं, "आणि त्यानं दोन थपडाही मारल्या होत्या." लोक हसायला लागले. भाईदास शेठला विचारलं तर ते आधी इकडं तिकडं बघत राहिले, आणि मग खाली रंभाबाईकडं बोट करून म्हणाले, "इनके घरवाले ने. मैं तो डूबच रहा था." रंभाबाई म्हणाली, "अन् वजन बी लई होतं!" मग तर विचारायलाच लागलं नाही, लोक आपणहून उठून सांगायला लागले. मधुकर, तो आवाज तू ऐकायला हवा होतास. कोणी कोणाचं नाव घेत होतं! ज्यांची नावं घेतली जात होती त्यातले कितीतरी तिथंच खाली बसले होते, आणि आपलं नाव आलं की मान खाली घालत होते.

मी शेवटी म्हटलं, "मला रंभाबाईनं शिकवलं," आणि खाली बसले. दादाकडं बघितलंसुद्धा नाही. वाटलं, झालं, सुटलो.

पण भाईदास शेठ आता रंगात आले होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. हसत हसत म्हणाले, "और अध्यक्षजी, आपको?"

दादा उपरण्याची घडी नीट करत राहिला. लोकांना वाटलं आठवतो आहे. मला ते सहन होईना. मी उठले आणि जे तोंडात येईल ते नाव घेणार होते, यादव उस्तादांचं घेणार होते बहुतेक. खोटं बोलणार होते रे, साऱ्या घाटासमोर. तेवढ्यात दादा म्हणाला, "लीले, थांब."

इतक्या आठवड्यांत त्यानं मला मारलेली ती पहिली हाक.

तो उभा राहिला. म्हणाला, "मला पोहता येत नाही. मी लहानपणी इथं यायचो, वरच्या पायरीवर केस ओले करायचो आणि घरी जाऊन पोहून आलो म्हणून सांगायचो. माझ्या मुलालाही मी तेवढंच शिकवलं. मला वाटलं, तार लावली म्हणजे आमच्यासारख्या घरांतल्या पोरांना खाली उतरता येईल. पण आता तुम्हा सगळ्यांची नावं ऐकली. अडवणारी तार घाटावर नव्हतीच. ती आमच्या घरात होती."

घाटावर कोणी हसलं नाही. मला भीती वाटत होती कोणी हसेल म्हणून.

मग खालच्या पायरीवरून कडू उठला. किती म्हातारा झाला आहे तो! डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "दादा, तुमच्या पोराची सांगड माह्या घरी हाये अजून. आढ्याले टांगेल हाये. माही उतराई तवापासून बाकी राह्यली. पाळी माही होती, पयलं आलं ते तुमचंच पोरगं, अन् ते पायरी उतरलं नाही, मंग मी दुसरं कोनाले शिकवू कसा?"

दादा त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पोरगा तर नागपूरला आहे, कडू. त्याच्या जागी बाप चालेल का?"

कडूनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "चालीन ना. पन भोपये मोठे लागतीन."

तेव्हा मात्र सगळा घाट हसला आणि दादाही हसला. नगरपालिकेच्या लोकांनी तिथंच सांगितलं की तारेचा ठराव येणार नाही, तेव्हा तुझ्या टेबलावर काही यायचं नाही, निर्धास्त राहा. बायकांची वेळ आहे तशीच आहे. रंभाबाईची नात दुसऱ्याच दिवशी पाण्यात उतरली. कपडे बदलायच्या खोल्यांचं काम मंडळानं आधीच सुरू केलं होतं, पण काही मोठ्या घरांनी अंग काढून घेतलं आहे, त्यामुळे नुसत्या भिंती उभ्या आहेत आणि वर छप्पर नाही. तीन-चार घरांनी दादाला हळदीकुंकवाचं बोलावणंही पाठवलं नाही, म्हणजे तुझ्या आईला. ती म्हणते, बरं झालं, पाय दुखत होतेच.

घरी आल्यावर दादा पाटावर बसला, एक घास घेतला आणि थेट माझ्याकडं बघून म्हणाला, "लीले, भाजी अळणी आहे."

खरंच अळणी होती. मीच केली होती.

तुझी,
लीलाआत्या


बुऱ्हाणपूर,
१३ मे १९५६

चि. मधुकर यास गजाननाचे आशीर्वाद.

लीलाने तुला सविस्तर लिहिले असेलच. तिला लिहिण्याची आवड आहे, मला नाही. तुझ्या पत्राविषयी तिने मला सांगितले. आधी राग आला. मग तो गेला.

दुकान भाईदासच्या पुतण्यावर सोपवून मी रोज सकाळी घाटावर जातो. पहिले काही दिवस सगळा बाजार बघायला येत असे. आता कोणी येत नाही. कडूने नवीन सांगड केली. तुझी लहान सांगड त्याने दाखवली. दोर अजून चांगला आहे. पहिल्या दिवशी त्याने पोटाखाली हात दिला तेव्हा मला तुझ्या आजोबांची आठवण झाली, आणि मी डोळे मिटून घेतले. कडू म्हणाला, डोये उघडा दादा, पानी पाहा. पाणी पाहिले. त्याचा हात पाहिला. दोर वळून घट्टे पडलेला म्हाताऱ्याचा हात. एवढ्याला आम्ही दोन पिढ्या घाबरलो.

परवा मी नावेपासून पायरीपर्यंत सांगडीशिवाय आलो. फार लांब नाही. लीला काठावर उभी होती. मी वर आलो, केसांतून पाणी गळत होते, आणि मी तिला सांगितले, पोहून आलो. ती "हो का?" म्हणाली आणि रडू लागली. या बायकांचे मला कळत नाही.

कडूने सांगड ताप्तीत सोडून दिली. त्याची उतराई फिटली. आता पाळी माझी आहे. पहिला उतरून आला तो जैनाबादचा लोटू, केळीच्या बागेत काम करणारा. वयाने माझ्याहून मोठा आणि पाण्याला माझ्याहून जास्त भिणारा. मला अजून नीट येत नाही हे त्याला सांगितले. तो म्हणाला, मले तर कायच येत नाही. सध्या मी लोटूला धरतो आणि मला कडू धरतो. ठीक चालले आहे.

तुझी लहान सांगड कडूने सोडलेली नाही. ज्याच्या मापाची होती तो आल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो. भोपाळला जाण्याआधी रजा घेऊन ये. मी तुला शिकवू शकत नाही, घरातला आहेस. पाण्यात त्या दिवशी कोणाची पाळी असेल ते मी विचारलेले नाही, विचारणारही नाही. मी वरच्या पायरीवर थांबेन आणि तुझा हात धरणार नाही.

तुझी आई बेसनाचे लाडू करून ठेवणार आहे.

येताना केस कोरडे घेऊन ये.

गजानन